लांडग्याला सातबारा नाही

बिबवेवाडीत गंगाधाम चौकातून आईमाता मंदिराकडे जाणारा चढ अपघातांमुळे बदनाम आहे, त्यामुळे तिथे कुणी रमतगमत उभे राहत नाही. पण एखाद्या पावसाळी सकाळी कडेला थांबून दोन्हीकडे पाहावे. नैर्ऋत्येला कात्रजच्या डोंगरावर ढग टेकलेले असतात. आग्नेयेला कोंढवा, येवलेवाडी आणि त्यापलीकडे बोपदेव घाट. तिकडचे आकाश बहुतेक वेळा उघडे. पुणे शहर या दोन आकाशांच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेला ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला जवळपास तेवढ्याच अंतरावर सुपे-मोरगावच्या माळावर पाचशे मिलिमीटर झाला तरी साल चांगले गेले म्हणतात.

वन्यजीव संरक्षणाच्या नकाशानेही या दोन दिशांना पावसासारखीच वागणूक दिली आहे. भीमाशंकर अभयारण्य 1985 चे, सुमारे 131 चौरस किलोमीटरचे. ताम्हिणी 2013 चे, सुमारे 50 चौरस किलोमीटरचे. दोन्ही सह्याद्रीच्या माथ्यावर आणि दोन्ही गर्द झाडीची. पूर्वेला बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे. चिंकाऱ्यासाठी ते 1997 मध्ये जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र आहे 5.14 चौरस किलोमीटर. चौरस करून पाहिले तर बाजू सव्वादोन किलोमीटरची भरते. स्वारगेटहून बिबवेवाडीला यायला याहून जास्त चालावे लागते.

त्याच माळावर लांडगाही राहतो. बोपदेव घाट ओलांडून सासवडला उतरले की तिथून पुढे जेजुरी, दौंड, बारामती, इंदापूर हा सगळा त्याचा मुलूख. आपल्या द्वीपकल्पातला हा लांडगा जगातल्या सर्वांत जुन्या लांडगावंशांपैकी एक मानला जातो. देशभरात त्याची संख्या अंदाजे तीन हजार, म्हणजे वाघाच्या आसपासच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघे शेजारी बसतात. पण लांडग्याच्या एका कळपाला वावरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर माळ लागतो. मयुरेश्वरच्या पाचेक चौरस किलोमीटरमध्ये तो एखाद्या रात्री येऊन जाईल, एवढेच.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने, राखीव संवर्धन क्षेत्रे यांचे जे जाळे आपण गेल्या सत्तर वर्षांत विणले, ते खरोखर धोक्यात असलेल्या प्राण्यांना पुरते का? पुरत नसेल तर जाळे वाढवायचे, की दुसरे काही करायचे?

जगाच्या पातळीवर हा हिशेब अनेकदा मांडला गेला आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धोक्यातल्या 4,118 पृष्ठवंशी प्राण्यांचा आढळ संरक्षित क्षेत्रांच्या नकाशावर ठेवून पाहिला गेला. 17 टक्के जाती एकाही संरक्षित क्षेत्रात नव्हत्या आणि 85 टक्के जातींना मिळालेले संरक्षण पुरेसे नव्हते. पुढे डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला देशोदेशींनी ठरवले की 2030 पर्यंत जगातली 30 टक्के जमीन आणि 30 टक्के समुद्र कोणत्या ना कोणत्या संरक्षणाखाली आणायचा. भारतात अभयारण्ये-उद्याने मिळून पाच टक्क्यांच्या आसपास भूभाग आहे, महाराष्ट्रात तीन टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांकडे पाहिले की उत्तर उघड वाटते: जाळे अपुरे आहे, वाढवा.

पण टक्केवारी किती फसवी असू शकते याचा धडा महाराष्ट्राने स्वतःच घेतला आहे, आणि तो विसरायलाही फार वेळ लावलेला नाही.

1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कित्येक तालुक्यांवर मिळून माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र होते 8,496 चौरस किलोमीटर. आजच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आणि भोवतालचा पट्टा धरला तरी त्याच्या कितीतरी पट. त्या रेघेच्या आत अख्खी गावे होती, करमाळ्यासारख्या तालुक्यांचे मोठे भाग होते, ऊस होता, रस्ते होते, बाजारपेठा होत्या. वनखात्याची जमीन त्यात तुकड्या-तुकड्यांनी होती. नान्नजचा माळ हा या सगळ्याचा गाभा. तिथे गवताला कुंपण झाले, चराई थांबली, आणि काही वर्षे माळढोक दिसतही राहिले. बाकीच्या हजारो चौरस किलोमीटरमध्ये मात्र संरक्षण म्हणजे सातबाऱ्यावरचा शेरा, जमिनीचे अडलेले व्यवहार आणि विहिरीला, रस्त्याला लागणारी परवानगी. ज्या पक्ष्यासाठी हे सारे, तो आपल्या शिवारात उतरला तर कुणाला सांगायचे नाही, ही शेतकऱ्याची शहाणी प्रतिक्रिया झाली. त्याला दोष कोण देणार?

2012 च्या सुमारास अभयारण्याची फेररचना होऊन क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आले. राज्याच्या भूभागाशी ताडून पाहा: सव्वासात हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचे सव्वादोन टक्क्यांहून जास्त क्षेत्र कागदावर ‘संरक्षित’ होते आणि एका फेररचनेने ते ‘असंरक्षित’ झाले. जमिनीवर दुसऱ्या दिवशी काय बदलले? काहीच नाही. कारण आदल्या दिवशीही तिथे ऊसच होता. आज देशातले उरलेसुरले शंभर-दीडशे माळढोक बहुतेक सारे जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथेही विजेच्या तारांना धडकून ते मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितले, आणि 2024 मध्ये तो आदेश सौरऊर्जेच्या गरजेपुढे सैल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे दिला. आता जैसलमेरजवळ पिंजऱ्यात पिल्ले वाढवली जात आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला अभयारण्याचे नाव उरले आहे.

ही कहाणी सांगून काही जण लगेच निष्कर्ष काढतात की अभयारण्ये हेच थोतांड. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे, पण मान्य करण्याजोगे नाही. माळढोकाचे अभयारण्य फसले ते फार मोठे होते म्हणून, आणि त्यातला जो भाग खरा होता तो फार लहान होता म्हणून. जिथे जमीन वनखात्याची होती, हद्द स्पष्ट होती आणि माणसे नेमली होती, तिथे संरक्षणाने काम केलेले दिसते. कर्जतजवळच्या रेहेकुरीचेच पाहा. 1980 मध्ये काळविटांसाठी केलेले ते अभयारण्य दोन चौरस किलोमीटरच्या थोडे वर आहे, म्हणजे मयुरेश्वरच्याही निम्म्याहून लहान. तेवढ्याशा जागेत काळवीट टिकले, वाढले आणि आता आजूबाजूच्या शेतांतून फिरतात, त्यावरून भांडणेही होतात. विदर्भात वाघांचे तेच. 2018 च्या गणनेत राज्यात 312 वाघ होते, 2022 मध्ये 444. ताडोबा, पेंच, मेळघाट ही जुनी जंगले राखली नसती तर हा आकडा कुठून आला असता?

मात्र त्याच विदर्भात एक गंमत आहे, जिला गंमत म्हणणे तिथल्या गावकऱ्यांना आवडणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांचा मोठा हिस्सा ताडोबाच्या रेघेबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या साध्या वनविभागांत राहतो. तिथे पर्यटनाच्या जिप्सी फारशा नाहीत, व्याघ्र प्रकल्पाचा पैसा नाही. तेंदूपाने, मोहफुले गोळा करणारी माणसे आहेत आणि ती मरतातही. म्हणजे संरक्षित क्षेत्र यशस्वी झाले की प्राणी त्यातून बाहेर सांडतो आणि खरा प्रश्न बाहेर सुरू होतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातले बिबटे तर आत कधी नव्हतेच म्हणावे लागेल. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या उसाच्या पट्ट्यात त्यांनी घर केले आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून ‘त्यांच्या जागी’, म्हणजे जंगलात, नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसले की अशा स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. बिबट्याची ‘जागा’ कोणती हे आपण ठरवले होते, त्याने नव्हे. पण यातून सहजीवनाचे गोड चित्र रंगवणेही अप्रामाणिक ठरेल. त्याच पट्ट्यात उसाच्या बांधावरून मुले उचलली गेली आहेत. शहरात बसून ‘बिबट्या तर शेजारी’ म्हणणाऱ्याने शिरूरच्या एखाद्या वस्तीवर ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात घराबाहेर पडून पाहावे. दुसरे असे की देशात 13,874 बिबटे आणि महाराष्ट्रात 1,985, हा 2024 मध्ये जाहीर झालेला अंदाज प्रामुख्याने जंगलांपुरता आहे. उसातले बिबटे त्यात धरलेले नाहीत. जाळ्यात न सापडणारा प्राणी मोजणीतही सापडत नाही.

खरे तर काही प्राण्यांच्या बाबतीत जाळे कुठे टाकायचे हेच ठाऊक नसते. रानपिंगळ्याचे उदाहरण या बाबतीत विलक्षण आहे. 1884 नंतर हा छोटा घुबडवर्गीय पक्षी कुणालाच दिसला नव्हता. मधल्या काळातला एक नमुना संग्रहालयात होता, पण तो रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने चोरून, खोटे ठिकाण लिहून ठेवलेला निघाला. शोधणारे त्या चुकीच्या पत्त्यावर हिंडले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा 113 वर्षांनी पुन्हा दिसला. ते रान अभयारण्य नव्हते. तोडीने विरळ झालेले सातपुड्याचे साधे जंगल होते. नंतर तो मेळघाटात आणि थेट मुंबईशेजारच्या तानसाच्या जंगलातही सापडला. म्हणजे काही ठिकाणी तो संरक्षणाखाली आधीपासून होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, काही ठिकाणी पत्ता लागला तेव्हा संरक्षण नव्हते. अभयारण्याची रेघ ज्ञानाच्या पुढे धावली की असेच होते. आणि ज्ञान येईपर्यंत थांबायचे म्हटले तर तोवर रान राहत नाही. या कोड्याला नेमके उत्तर नाही. जुनी जंगले अबाधित ठेवणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणा.

गिधाडांच्या बाबतीत तर रेघेचा संबंधच आला नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडात गेले आणि दहा-पंधरा वर्षांत काही जातींची संख्या 95 टक्क्यांहून अधिक घसरली. गिधाड अभयारण्यात घरटे करत होते की गावच्या ताडावर, याने काही फरक पडला नाही. 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांसाठी आजवर झालेल्या कामात सर्वांत मोठे काम एका औषधाच्या दुकानात झाले, असे म्हटले तरी चालेल.

हे सगळे जाळ्याच्या विरोधात जाते असे वाटेल. मग दुसरी बाजू पाहू. आंबोलीत एक बेडूक आहे, खरे तर टोड, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. 2009 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले. जगात तो फक्त आंबोलीच्या परिसरात आहे. पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या बोटभर पाण्याच्या डबक्यांत तो अंडी घालतो. अतिशय संकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर, अशी त्याची नोंद आहे. या प्राण्याला शंभर चौरस किलोमीटर नको. पण त्याच्या कातळावर एक रिसॉर्ट झाले, एक पार्किंग झाले, तर त्या जागी त्याची पिढी संपते. लोकांचा सोशिकपणा, त्यांचे शहाणपण, भरपाई, कशानेच त्याला वाचवता येत नाही. फक्त ‘इथे बांधायचे नाही’ हे वाक्य वाचवू शकते. त्याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, देवळाच्या कुंडात, एक लहानसा मासा नव्याने सापडला आणि 2021 मध्ये त्या दोन हेक्टरभर जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले गेले. दोन हेक्टर! कोणत्याही टक्केवारीत न दिसणारे हे क्षेत्र आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या सर्वांत नेमक्या संरक्षणांपैकी एक. तिलारी, आंबोली-दोडामार्ग यांसारख्या राखीव संवर्धन क्षेत्रांनी 2020 पासून सह्याद्रीत जे सांधे जोडले, तेही याच समजुतीचे. सह्याद्रीला जागा अडवणाऱ्या रेघा हव्यातच, कारण तिथले प्राणी चिमूटभर जागेत अडकलेले आहेत.

तेव्हा ‘जाळे पुरेसे आहे का’ हा एक प्रश्न नसून दोन आहेत. ज्याला जगात दुसरी जागा नाही, अशा प्राण्याला जाळे पुरत नाही आणि ते वाढवलेच पाहिजे, लहान-लहान तुकड्यांनी, ताबडतोब. ज्याला शंभर गावांचे शिवार लागते, त्याला जाळे कधीच पुरणार नाही, आणि ते पुरवण्याचा हट्ट माळढोकासारखाच फसेल. लांडगा दुसऱ्या गटातला.

लांडग्याविषयी मात्र इथे एक अडचण आहे, आणि ती मला अजून सुटलेली नाही. माळावर तो इतकी वर्षे टिकला याचे श्रेय कुठल्याही कायद्याला देता येत नाही. ते बऱ्याच अंशी धनगरांना जाते. वाडा, म्हणजे मेंढरांसह त्यांचा फिरता तळ, उतरतो, संध्याकाळी मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावतात, कुत्री राखण करतात, तरी वर्षाकाठी काही मेंढरे-कोकरे लांडगा नेतोच. अनेक धनगरांच्या बोलण्यात लांडगा चोर असतो, पण घरातला चोर. त्याची हाडवैराने शिकार करावी असे ते क्वचित म्हणतात. 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भूभागावर, सुमारे 89,000 चौरस किलोमीटरवर, लांडगा, बिबट्या आणि तरस कुठे आढळतात याचा अभ्यास इरावती माजगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तिन्ही प्राणी शेती आणि माळांच्या मिश्र प्रदेशात दूरवर पसरलेले दिसले, आणि त्या प्रदेशात अभयारण्यांचा वाटा नगण्य होता. हे वाचून आनंद होतो. मग प्रश्न पडतो: हा सोशिकपणा आपण किती काळ गृहीत धरणार? धनगराचा मुलगा आज पुण्यात मार्केट यार्डात हमाली करतो किंवा कंपनीत आहे. मेंढरे बसवायला शेते कमी झाली, वाटा बंद झाल्या. ज्याच्या खांद्यावर आपण लांडग्याचे संरक्षण ठेवले, तोच माळावरून उठतो आहे.

आणि माळही उठतो आहे. सरकारी दफ्तरात माळरान म्हणजे पडीक जमीन. अबी वनक आणि एम. डी. मधुसूदन यांनी 2022 मध्ये देशातल्या कोरड्या, उघड्या माळांचा नकाशा केला तेव्हा असे सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर क्षेत्र निघाले. त्यातले पाच टक्क्यांहून कमी संरक्षित क्षेत्रांत होते आणि मोठा भाग ‘पडीक’ याच शिक्क्याखाली होता. पडीक म्हटले की त्यावर काही तरी करणे भाग पडते. सौर पट्ट्या, औद्योगिक वसाहत, विमानतळ, नाहीच काही तर झाडे. पुरंदर तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर विमानतळाचा प्रस्ताव आहे. तिथले लोक शेती आणि अंजिराच्या बागांसाठी लढत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण शेजारच्या माळाच्या बाजूने कोण लढणार?

झाडांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ते पाप आपल्या बिबवेवाडी-सहकारनगरच्या दारातले आहे. तळजई-पाचगाव पर्वतीच्या टेकडीवर एकेकाळी गवत होते. ती ‘हिरवी’ करायची म्हणून ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, लावले गेले, तेही मध्य अमेरिकेतून आलेले झाड. ते फोफावले, त्याच्या सावलीत गवत गेले, आणि गवतात राहणारे चंडोल, तित्तिर, सरडे उठून गेले. सकाळी फिरायला येणाऱ्यांना मोर दिसतो, हिरवळ दिसते, सगळे खूश. मीही वीस वर्षे खूश होतो. टेकडी शहरात आहे, तिथे झाडांचे थोडे समर्थन करता येईल. पण हीच हिरवळीची ओढ सासवड, बारामतीच्या माळावर गेली तेव्हा वनखात्यानेच, वृक्षलागवडीच्या उद्दिष्टासाठी, लांडग्याच्या आणि चिंकाऱ्याच्या घरात खड्डे खणले. एका खात्याने पहिल्या अनुसूचीतला प्राणी राखायचा आणि त्याच खात्याने त्याचे घर झाडांनी भरायचे, यात कुणालाच विसंगती वाटली नाही.

आता थोडी हालचाल आहे. पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिरसुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, त्यात स्थानिक तरुण वाटाडे झाले. पर्यटनाबद्दल माझ्या मनात शंका आहेत: लांडग्याच्या गुहेजवळ कॅमेरे घेऊन बसणाऱ्यांनी पिल्ले हलवायला भाग पाडल्याच्या तक्रारी माळावर ऐकू येतात. तरीही माळाला प्रथमच ‘पडीक’ सोडून दुसरे नाव मिळाले, हे कमी नाही. दुसरीकडे, याच पुण्याच्या परिसरात लांडगा आणि गावकुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा मिळाला आहे. मोकाट कुत्री वाढली, उघड्यावर कचरा आणि कोंबड्यांचे टाकाऊ मांस वाढले की लांडगा गावाच्या जवळ येतो, रोग घेतो, आणि हळूहळू लांडगाच राहत नाही. संकर अडवणारे कुंपण कुठल्याही अभयारण्याला घालता येत नाही. ते काम ग्रामपंचायतीच्या कचरागाडीचे आहे.

मग करायचे काय? पुण्याच्या पूर्वेला मयुरेश्वरचा विस्तार करा, दीडशे-दोनशे चौरस किलोमीटरचे लांडगा अभयारण्य करा, अशी मागणी अधूनमधून होते. तिच्यामागची कळकळ खरी आहे आणि तिचा एक मुद्दा वजनदार आहे: कायदेशीर रेघ नसेल तर विमानतळ आणि गोदामे यांच्यासमोर माळ क्षणभरही टिकणार नाही, सोशिकपणा कोर्टात दाखल करता येत नाही. हा मुद्दा मी हलका मानत नाही. तरीही ती मागणी मला पटत नाही. दोनशे चौरस किलोमीटर म्हणजे कित्येक गावांचे सातबारे. त्यावर एकदा ‘अभयारण्य’ हा शब्द चढला की धनगराची चराई आधी थांबेल, शेतकऱ्याची विहीर नंतर, आणि लांडगा तोवर कुणाचाच राहणार नाही. सोलापूरने हे करून दाखवले आहे. ज्यांनी तो राखला त्यांनाच हुसकावून त्याचे संरक्षण करणे, हा नुसता अन्याय नाही, ते चुकीचे जीवशास्त्रही आहे.

त्याऐवजी मधली वाट आहे, आणि कायद्यातच आहे. 2002 च्या दुरुस्तीने राखीव संवर्धन क्षेत्र आणि सामुदायिक राखीव क्षेत्र हे दोन प्रकार दिले. पहिला सरकारी जमिनीवर आणि गावाशी बोलून, दुसरा गावाच्या किंवा खासगी जमिनीवर आणि गावाच्या इच्छेने. येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी पहिला प्रकार वापरला गेला. पुणे जिल्ह्यात गायराने आणि वनखात्याचे माळ तुकड्या-तुकड्यांनी पडले आहेत. त्यातले निवडक तुकडे, जिथे लांडग्याच्या गुहा आहेत आणि चिंकाऱ्याची पिल्ले होतात, एवढेच या प्रकाराखाली घ्यावेत. चराई चालू ठेवावी, झाडे लावायची नाहीत आणि जमिनीचा वापर बदलायचा नाही, एवढ्या अटी घालाव्यात. तुकड्यांच्या मधली शेते शेतेच राहू द्यावीत. महसूल खात्याने ‘पडीक’ हा शेरा खोडून ‘गवताळ माळ’ असा लिहिला, तरी निम्मे काम होईल. वृक्षलागवडीचे उद्दिष्ट वाटताना तो शेरा निदान कुणीतरी वाचेल.

याने विमानतळ थांबणार नाही, हे मला कळते. मधल्या वाटेचा हाच दोष: मोठ्या प्रकल्पासमोर ती वाट म्हणून उरत नाही. जिथे प्रकल्प अटळ आहे तिथे शेजारचा माळ बदल्यात मिळाला पाहिजे, झाडे लावून नव्हे, माळ म्हणूनच; आज नुकसानभरपाईची वनीकरणे उलटे करतात, रस्त्यात गेलेल्या जंगलाच्या बदल्यात माळावर झाडे लावतात.

आणि भरपाई. लांडग्याने मेंढी किंवा शेळी मारली तर राज्य सरकार पैसे देते. 2022 मध्ये ही रक्कम 15,000 रुपयांपर्यंत वाढवली गेली. पण त्यासाठी वनरक्षकाने जागेवर येऊन पंचनामा करायचा असतो आणि तोवर मेलेले जनावर हलवायचे नसते. गावात घर असलेल्या माणसाला हे जमते. वाडा दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या शिवारात जातो, मेलेल्या मेंढीपाशी राखणीला थांबायला माणूस नसतो, बँकेचे खाते मूळ गावी असते आणि तोवर रात्री कुत्र्यांनी पुरावा खाल्लेला असतो. ज्या समाजाने लांडगा सांभाळला त्याच्याच हाती ती रक्कम क्वचित पडते. वाड्यावरच्या कुणाही पोराच्या हातात आता फोन आहे. ठिकाणासह काढलेला फोटो त्याच रात्री पाठवला की पंचनाम्यासाठी तो पुरावा धरावा, आणि पैसे महिन्याभरात त्याच फोनवर यावेत. हे शासन निर्णयाच्या एका परिच्छेदाचे काम आहे. त्याला नवी अधिसूचना नको, नकाशा नको, आणि एक चौरस मीटरही जमीन लागत नाही.